दहाही बोटं शाबूत होती

नितीन मेश्राम यांच्यावर अन्याय झाला. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळच्या चहाच्या जरा आधी, भनपुरीतल्या एका फर्निचर कारखान्यात, टेबल सॉ या लाकूड कापायच्या मशीनवर. अन्याय केला त्याने, ज्याने पात्यामागची पट्टी खिळ्याला टांगू दिली आणि माणसाने उभं राहायच्या जागेवर प्लायचा ढीग रचला.

बघ दादा, आली पहिली ओळ. कोणावर, कधी, कोणी केला. पत्रक लिहायला मी अशीच शिकले. तू माझी पत्रकं वाचून म्हणायचास, "लीडर, तुझ्या पत्रकात कोणी मेल्याशिवाय पहिली ओळच निघत नाही का गं?" मी चिडायचे. तू हसायचास. आता ती ओळ लिहून दोन तास झाले आणि मी पुढे सरकत नाहीये. सारखी उठून खिडकीपाशी जाते, परत येते, तेवढंच वाचते. तुझं नाव छापल्यासारखं लिहिलेलं मला बघवत नाही.

शिवाय तू सांगून ठेवलं होतंस, "माझं नाव कुठं टाकजो नको." तेव्हा मी ऐकलं, पत्रक नावाशिवाय काढलं. आता वैशालीवहिनीला विचारलं. ती तुझे शर्ट घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "टाक. मोठ्या अक्षरात टाक." तेव्हा तुमचं नवराबायकोचं भांडण तुम्ही बघा, मी टाकलंय.

काय झालं ते मला मनराखन भैयाने सांगितलं, तुझ्या शेजारच्या बाकावर काम करणाऱ्याने. तू सालवृक्षाच्या लाकडाची लांब फळी उभी चिरत होतास. साल नीट वाळलेलं नव्हतं. असं लाकूड चिरताना मधूनच मिटायला बघतं, हे तूच मला सांगितलेलं. कापलेल्या दोन फाकी पात्याच्या मागे एकमेकींकडे आल्या, पात्याला चिमटा बसला, आणि वर येणाऱ्या दातांनी फळी उचलून तुझ्याच अंगावर फेकली. बरगड्यांच्या खाली, पोटात. हे होऊ नये म्हणूनच पात्याच्या मागे, अगदी त्याच्याच रेषेत, पोलादी पट्टी उभी असते. ती फाकी मिटू देत नाही. त्याच पट्टीवर पात्याचं झाकण बसतं, ज्याला तुम्ही गार्ड म्हणता. ती पट्टी तेव्हा गार्डसकट भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली होती. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तुम्ही लोकांनी तिला तिथेच हार घातला होता. तू मला फोटो पाठवून विचारलं होतंस, "देव माणसाले कामाला लावते, का माणूस देवाले सुट्टी देते?"

मशीन वेगळ्या आवाजात किंचाळली की तुमच्याकडे एक रीत आहे. सगळे हातातलं टाकून ओरडतात, "हात!" मशीनवरच्या माणसाने दोन्ही हात वर करायचे, बोटं फाकवून दाखवायची. ही रीत तूच पाडली होतीस, कोणाचं तरी अर्धं बोट गेल्यावर. गंमत म्हणून सुरू झालेली, मग सवयच लागली सगळ्यांना. त्या मंगळवारीही ओरडले. आणि तू हात वर केलेस. दहाही बोटं शाबूत. मनराखन भैया म्हणाला, तू हसलासही. मग सगळे आपापल्या कामाला लागले. कोणीतरी तुला चहा दिला. तू प्यायलास. जरा पोटात कळ आहे म्हणून प्लायच्या ढिगावर आडवा झालास. त्याच ढिगावर, ज्याने तुझी उभं राहायची जागा खाल्ली होती. तुझ्या चेहऱ्याचा रंग उतरलेला कोणाला दिसला तोवर दुपार झाली. दवाखान्यात म्हणाले, आत रक्तस्राव झालाय. संध्याकाळच्या आत तू गेलास.

मी तुमच्या त्या कारखान्यातल्या प्रत्येकाला धरून हलवणार होते. अरे, बोटं काय मोजता? लाकूड पोटाला लागलंय, छातीला लागलंय, तर माणूस उभा असो, हसत असो, चहा पित असो, त्याला आधी दवाखान्यात न्या. बाहेर जखम नाही म्हणजे आत काही नाही असं कोण म्हणालं? पण मनराखन भैया माझ्यासमोर बसून आपलीच बोटं चोळत होता, आणि म्हणाला, "दीदी, हाथ तो पूरे थे ना. हमने तो हाथ ही देखे." त्याच्यावर ओरडायचं ते माझ्याकडून झालं नाही. मग तुझ्यावर ओरडायचं मनात आलं. तू का बोलला नाहीस, दुखतंय म्हणून? आयुष्यभर बडबड केलीस. केस विस्कटले तरी दिवसभर सांगत फिरायचास. तेव्हाच गप्प बसायचं सुचलं?

तुला आठवतो तो रविवार? विहारात वाचनालय करायचं ठरलं होतं, कपाट तू बनवणार होतास, आणि मी म्हटलं की मी पण कापणार. शेठची परवानगी काढून तू मला बंद कारखान्यात घेऊन गेलास. मला वाटलं पाच मिनिटांत फळ्या पडतील. पहिली गोष्ट तू काय केलीस, तर प्लग काढून माझ्या हातात दिलास. "हा तुझ्याजवळ ठेव. मी मागीन तेव्हाच दे."

मग तू एका दाताला खडूने खूण केलीस. टेबलातल्या खोबणीपासून त्या दातापर्यंतचं अंतर पुढच्या बाजूला मोजायला लावलंस, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि तिथेही मोजायला लावलंस. मी विचारलं, तोच दात कशाला, कोणताही चालेल ना. तू म्हणालास, पातं जरा वाकडं असलं तर दुसरा दात खोटं बोलेल, एकाच साक्षीदाराला दोन ठिकाणी विचारायचं. मला ते फार आवडलं होतं. मी ते नंतर एका भाषणात वापरलं, तुझं नाव न घेता.

माप जुळलं नाही. मग टेबलाचे बोल्ट सैल करून, ठोकून, परत मोजून. मग फेन्स, म्हणजे ज्या पट्टीला टेकवून लाकूड सरकवायचं ती. ती पात्याला समांतर झाली तरी तू मागच्या बाजूला पुन्हा पुन्हा बघत होतास. मागे ती पात्याकडे जरा जरी झुकली तर लाकूड दोघांच्या मधे सापडतं, म्हणालास. मग गुण्या पात्याला लावून काटकोन, तोही दातांच्या मधल्या सपाट जागेवर, दातावर नाही. मग पातं इतकं खाली घेतलंस की लाकडाच्या वर जेमतेम दात दिसावा. मी कंटाळून म्हटलं, "दादा, एवढ्या वेळात मी मोर्चा काढून आले असते."

"आणि वाकडा काढला असता," तू म्हणालास.

शेवटी पट्टी आणि गार्ड खिळ्यावरून काढून जागेवर बसवलेस. पट्टी पात्याच्या रेषेत आहे का ते डोळा मिटून पाहिलंस. मला ओढणी काढून ठेवायला लावलीस, बांगडी काढायला लावलीस. हातमोजे मागितले तर रागावलास, फिरत्या पात्याजवळ मोजे घालायचेच नाहीत म्हणून. हातात ढकलायची काठी दिलीस आणि पात्याच्या सरळ समोर उभी होते तिथून खांद्याला धरून डावीकडे सरकवलंस. "इथं उभी राय. लाकडाले यायचंच असलं तर त्याले रस्ता मोकळा पाहिजे." मग प्लग मागितलास.

पहिला तुकडा कापला. तू त्याचा अर्धा भाग उलटा करून दुसऱ्याला जोडलास आणि खिडकीकडे धरलास. मधून उजेडाची बारीक चीर दिसत होती. तू परत प्लग काढलास. मला रडू येणं बाकी होतं. तिसऱ्या की चौथ्या वेळी उजेड गेला, आणि तू ते दोन तुकडे माझ्या हातात दिलेस, जसं काही पदक देतोयस. मी आजवर इतक्या सभा घेतल्या, दादा, पण तेवढं खरं काही माझ्या हातून झाल्यासारखं मला कधी वाटलेलं नाही. हे तुला सांगायचं राहिलं. मी त्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, आता घरी जायचं का.

आणि वाटेत आपलं भांडण झालं. तेलीबांधाच्या तळ्यापाशी तू स्कूटर थांबवलीस, मला भुट्टा घेऊन दिलास, आणि मी विचारलं, "माझ्यासाठी पट्टी लावली. रोज काहून नाही लावत?"

"रोज खाचा माराव्या लागते. ड्रॉवरचा तळ बसवायले. खाच म्हणजे लाकूड आरपार नाही कापत, अर्धंच. ती पट्टी मधे येते, काढावीच लागते."

"मग खाच मारून झाली की परत लाव."

"आणि अर्ध्या तासानं परत काढू? पाना घेऊन बसू का दिवसभर?"

मी म्हटलं, सगळ्या खाचा एका दिवशी मार, सगळ्या फळ्या दुसऱ्या दिवशी चीर. तू भुट्ट्याचे दाणे सोलत राहिलास. मग म्हणालास, "हे तू शेठले सांग. तो पार्टी येते तसं काम काढते. या बाईचं कपाट अर्धं, त्या साहेबाचं किचन अर्धं. ज्याचा फोन आला त्याचं पयले." मी लगेच म्हटलं, मग आपण मागणी करू, पत्रक काढू, पट्टी कायम, झाकण कायम. तेव्हा तू ते, माझं नाव टाकू नको, म्हणालास. वर म्हणालास, मी पात्यासमोर उभाच राहत नाही, फेकलं तर फेकू दे, मी तिथं नसतोच.

ते खरं होतं, तू तिथे नसायचास. मग दिवाळीआधी शेठने तुझ्या डावीकडच्या जागेत प्लाय रचला. गोदाम भरलंय म्हणून, दोनच दिवस. तू त्याला सांगितलंस, मशीनवर उभं राहायला जागा नाही. तो "हव हव" म्हणाला. प्लाय संपत गेला आणि नवा येत गेला, ढीग तेवढाच राहिला. तू पात्याच्या सरळ समोर उभा राहू लागलास. हे तू मला फोनवर सांगितलंस, हसत, की आता मशीन आणि मी समोरासमोर. मी तेव्हा एका धरण्याच्या गडबडीत होते. मी म्हटलं, शेठला लेखी दे. तू म्हणालास, हो हो लीडर. आपलं भांडण तिथेच थांबलंय. त्याचा शेवट झालेला नाही आणि मी तुला सोडणार नाही. तुला एवढं कळत होतं. दाताला खूण करून मोजणारा माणूस तू, केसाएवढी चूक तुला सहन व्हायची नाही, आणि स्वतःच्या पोटासमोरून ते पातं फिरतंय हे तुला चाललं? माझ्या बांगडीची तुला काळजी, आणि तू?

शेठ घरी आला होता. तुझ्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता तेव्हा, पांढरे कपडे घालून. मागच्या रांगेत बसला, वंदनेला हातही जोडले. नंतर मावशीपुढे वाकून म्हणाला, नितीन तो हमारा एक्सपर्ट था, पता नहीं उस दिन कैसे चूक गया. मावशी, तुझी आई, जी तीस जणांत आवाज चढवत नाही, तिने त्याला विचारलं, "चुकला, म्हंजे कुठं उभं रायले पाहिजे होतं त्यानं?" शेठ चहा न घेता गेला. आणि मला तेव्हाच कळलं की मशीन आधीच सुरू झालेली आहे. मनराखन भैया त्या कार्यक्रमाला आला नव्हता. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तुझ्या जागेवर तो उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पट्टी खिळ्याला. हार वाळून काळा पडलेला. प्लाय तसाच, फक्त वरचा तक्ता बदललेला. आणि मनराखन भैया पात्याच्या सरळ समोर उभा राहून तेच साल चिरत होता. भुशाने त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी जाऊन प्लग काढला. तुझ्याकडून शिकले होते, प्लग ज्याच्या हातात त्याचं राज्य.

शेठ ऑफिसातून बाहेर आला. काय नाटक आहे म्हणाला. मी म्हटलं, पट्टी लावा, गार्ड लावा, प्लाय हलवा, प्लग देते. तो म्हणाला, हे सगळं लेबर ऑफिसला सांग, इथे काम बंद पाडू नको. मी म्हटलं, तिथेही सांगितलंय. मनराखन भैया खाली बघत उभा. मी त्याला म्हटलं, तू तरी बोल. तो हळूच म्हणाला, "दीदी, मोर लइका मन घर म हें." माझी मुलं घरी आहेत. एवढंच. मला धडाधड घोषणा सुचत होत्या आणि त्यातली एकही त्या वाक्यापुढे टिकेना.

तेवढ्यात एक बाई आत आल्या. चौबे कॉलनीतल्या, आपल्याच मराठी, मी त्यांना गणपतीत पाहिलेलं. पण बोलायला लागल्या ते हिंदीत, भैया मेरा वॉर्डरोब कब होगा, गृहप्रवेश है. शेठचा चेहराच बदलला. बस मॅडम, आजच कटिंग चालू आहे, हे काय. आणि त्याने त्या सालाच्या फळ्यांकडे हात केला.

मला कळलं ते लाकूड कोणाचं होतं.

मी त्यांना मराठीत सांगितलं. या फळीने माझ्या भावाला मारलं. हीच नसेल तर हिच्या शेजारची असेल. ती पट्टी तिथे खिळ्याला आहे, ती पात्याच्या मागे असती तर तो जगला असता. बाई एक पाऊल मागे सरकल्या. फळ्यांकडे बघितलं, मग हाराकडे. मग शेठला म्हणाल्या, आणि या वेळी मराठीत म्हणाल्या, त्याला कळो न कळो: "हे लाकूड माझ्या घरात येणार नाही. आणि ते जे काय आहे ते लावल्याशिवाय माझं एक फळकूट कापायचं नाही. माझ्या गृहप्रवेशाला कोणाचं रक्त नको."

दादा, त्यांना तुझं दुःख नव्हतं. त्यांना अपशकुनाची भीती होती. मी ते ओळखलं आणि माझ्या तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. असू दे. मला त्यांचं मन नको होतं, मला पट्टी हवी होती. शेठने स्वतः पाना आणला. स्वतः. जो तुझ्या तोंडी सांगण्याने हलला नाही, माझ्या पत्रकाने हलला नाही, मावशीच्या प्रश्नाने हलला नाही, तो गिऱ्हाइकाच्या एका वाक्याने हलला. मनराखन भैयाने पट्टी बसवली, डोळा मिटून रेषेत आहे का पाहिलं, अगदी तुझ्यासारखं. दोघा-तिघांनी प्लाय उचलून आवारात नेला. बाई तोवर थांबल्या, खुर्ची न घेता, पदर नाकाला लावून. मग मी प्लग दिला. मनराखन भैया डावीकडे सरकून उभा राहिला. तिथे आता जागा होती.

बाई निघून गेल्या. मीही निघाले. आणि मला त्या रात्रीपासून झोप नाही. त्यांचं कपाट झाल्यावर ती पट्टी जागेवर राहिली असेल का? पुढचा कोणाचा फोन आला, खाच मारायची वेळ आली, तर काढून परत लावली असेल का? मी रोज दारात उभी राहू शकत नाही. मी दोनदा जाऊन आले, एकदा लावलेली होती, एकदा फाटकावरूनच मला परत पाठवलं. तू असतास तर तुला फोन करून विचारलं असतं, बघ ना रे, लावलीये का. आता विचारायला कोणी नाही. तू आमच्या फलकांच्या काठ्या रंधून द्यायचास, घोषणा देताना पोरींच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून. तो तुझा ढंग होता, मोर्च्यात चालायचं नाही पण काठी गुळगुळीत करून द्यायची. मी त्याबद्दल कधी नीट आभार मानले नाहीत. आता मानते. आणि तुझ्यावरचा राग काढून घेत नाही. दोन्ही तुझ्याकडे राहू दे.

आता मी तुझ्याशी बोलायचं थांबवते आणि या वाचणाऱ्यांकडे वळते, कारण शेठ कोणाचं ऐकतो ते मी पाहिलंय.

तुम्ही. समता कॉलनीत, चौबे कॉलनीत, तेलीबांधाच्या नव्या फ्लॅटमध्ये तुमचं कपाट बनतंय, किचन बनतंय, देव्हारा बनतोय. उद्या सकाळी त्या कारखान्यात जा. फोन करू नका, जा. मशीन बंद करायला सांगा आणि बघा, पात्याच्या मागे पट्टी आहे का, वर गार्ड आहे का, कापणाऱ्याला बाजूला उभं राहायला मोकळी जागा आहे का. नसेल तर तिथेच उभं राहून सांगा की हे होईपर्यंत माझं काम बंद. खाच मारायला पट्टी काढली असेल तर विचारा, परत कधी लावणार, आणि लावेपर्यंत थांबा. शेवटी शेठला सांगा की मला घाई नाही, माझं काम उशिरा झालं तरी चालेल. हे तुमच्या तोंडून त्याने ऐकलं पाहिजे, त्या मशीनवर जो उभा आहे त्याच्यासमोर.